किनवटचे बिंदू पालघरसमोरच्या समुद्रात जातात, नोंदी गायब, शेततळ्याचं क्षेत्र जुळत नाही

पैनगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. नांदेडच्या किनवट तालुक्यात पाणलोटाची जुनी कामं नकाशावर आणायची आहेत: शेततळी, सिमेंट नाला बांध, सलग समतल चर. चौघं जण फिरतात. तिघांच्या अँड्रॉइड फोनवर क्यूफील्ड हे नकाशावर नोंदी घ्यायचं ॲप आहे, चौथ्याकडे हातातलं जुनं जीपीएस यंत्र आणि वही. वहीतले आकडे एक्सेलमध्ये भरून सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) करतो. ऑफिसात क्यूजीआयएस ३.३४ हे नकाशाचं सॉफ्टवेअर आहे. चार ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं म्हणजे वहीतल्या बिंदूंपैकी साधारण एक तृतीयांश पालघरच्या किनाऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटर आत, अरबी समुद्रात पडतात. बाकीचे बरोबर जागेवर. यंत्र एक, माणूस एक, आठवडाही एकच. लेअरचं सीआरएस (आकडे कुठल्या निर्देशांक-पद्धतीत वाचायचे ते) यूटीएम झोन ४३ एन आहे. ते ४४ केलं की समुद्रातले बिंदू किनवटला येतात आणि बरोबर असलेले उठून ओडिशात जातात.

दुसरं, एका फोनवरच्या शेवटच्या दीड दिवसाच्या नोंदी संगणकावर दिसत नाहीत. फोनवर मात्र दिसतात. त्याच फोनचे फोटोही उघडत नाहीत, नुसती रिकामी चौकट येते.

तिसरं, वरच्या कार्यालयाला शेपफाइलच (नकाशाचा जुना फाइल-प्रकार) हवी आहे. ती केली की शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि स्तंभांची नावं तुटतात.

चौथं, ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्याभोवती फोन घेऊन चक्कर मारली की क्षेत्र कधी ८ आर (आर म्हणजे १०० चौरस मीटर), कधी १३ आर. ९ आर यायला हवं ना? फोन खराब की सॉफ्टवेअर?

रेखांश_७८:
पहिल्याचं सांगतो. यंत्र ठणठणीत आहे, घोळ वहीत आहे.

यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे, म्हणजे झोन, केलेत आणि जागा मीटरमध्ये सांगतात. झोन ४३ हा ७२ ते ७८ अंश पूर्व आणि झोन ४४ हा ७८ ते ८४. ही ७८ ची रेघ तुमच्या किनवट तालुक्यातूनच जाते. किनवट गाव साधारण ७८.२ वर, म्हणजे ४४ मध्ये, माहूर ७७.९ वर, म्हणजे ४३ मध्ये. मराठवाड्यातला बाकी जवळजवळ सगळा मुलूख ४३ मध्येच येतो, त्यामुळे लातूर-बीड-परभणीवाल्यांना हा त्रास माहीतच नसतो आणि सगळे डोळे झाकून ४३ लावतात. हातातलं यंत्र यूटीएमवर ठेवलं असेल तर रेघ ओलांडली की ते आपोआप झोन बदलतं. पडद्यावर आकड्यांच्या आधी बारीक अक्षरात '४३ क्यू' किंवा '४४ क्यू' दिसतं. वहीत फक्त ईस्टिंग-नॉर्दिंग (पूर्वेचे आणि उत्तरेचे मीटर) उतरवलं, झोन राहिला. ४४ चे आकडे ४३ म्हणून वाचले की बिंदू बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकतो. तुमच्या अक्षांशावर ते सव्वासहाशे किलोमीटर होतात, म्हणून थेट पालघरसमोरचं पाणी.

परत शेतात जायची गरज नाही. ईस्टिंग बघा. तुमच्या भागात झोन ४३ चं ईस्टिंग आठ लाखांच्या आसपास येतं, ७८ च्या रेघेजवळ जास्तीत जास्त ८,१५,००० पर्यंत. झोन ४४ चं तिथून पुढे १,८५,००० पासून सुरू होतं. किनवट गावाजवळ ते २,०६,००० च्या घरात असेल. मधले आकडे तालुक्यात येऊच शकत नाहीत. म्हणून ५ लाखांची चाळणी लावा.

सीएसव्ही 'डिलिमिटेड टेक्स्ट' मधून दोनदा जोडा, एकदा सीआरएस ईपीएसजी:३२६४३ (झोन ४३ चा क्रमांक) देऊन आणि एकदा ३२६४४ (झोन ४४ चा) देऊन. पहिल्या लेअरवर फिल्टर ईस्टिंग ५,००,००० पेक्षा जास्त, दुसऱ्यावर कमी. दोन्ही वेगवेगळे 'एक्स्पोर्ट – सेव्ह फीचर्स अॅज' करून ईपीएसजी:४३२६ (अक्षांश-रेखांश) च्या जिओपॅकेज फाइलमध्ये ठेवा आणि मग 'मर्ज वेक्टर लेअर्स'. हे करताना 'सेट लेअर सीआरएस' आणि 'एक्स्पोर्ट' यांची गल्लत करू नका. सेट केल्याने आकडे तेच राहतात, फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते. आकडे खरोखर बदलतात ते एक्स्पोर्टमध्ये किंवा 'रिप्रोजेक्ट लेअर'मध्ये. समुद्रातला बिंदू जमिनीवर ओढायला लोक तीन-तीनदा पाटी बदलत बसतात आणि शेवटी मूळ कुठलं होतं तेच हरवतं.

नॉर्दिंगवरही नजर टाका. तुमच्याकडे ते सात आकडी, २१ लाखांच्या पुढचं असतं. टाइप करताना एक आकडा गळला तर बिंदू मालदीवच्या पूर्वेला हिंदी महासागरात सापडेल.

यापुढे यंत्र दशांश अंशांवर ठेवा आणि डेटम, म्हणजे मोजणीचा आधार, डब्ल्यूजीएस ८४. डेटमच्या यादीत 'इंडियन' नावाचे पर्याय असतात, देशप्रेमापोटी ते निवडू नका. ते जुन्या एव्हरेस्ट गोलाभावरचे (पृथ्वीच्या मानलेल्या आकारावरचे) आहेत आणि बिंदू शंभर मीटरहून जास्त सरकतो. दशांशानंतर पाच आकडे लिहायला लावा, त्याने जवळपास एक मीटरपर्यंत नेमकेपणा राहतो. चारच लिहिले तर अकरा मीटर.

काळी_माती:
दशांश अंशांवर गेलात की दोन नव्या चुका येतील, आधीच सांगून ठेवतो.

सीएसव्ही जोडताना एक्समध्ये रेखांश आणि वायमध्ये अक्षांश द्यायचा असतो. आपल्याला 'अक्षांश-रेखांश' असं बोलायची सवय, म्हणून उलटं भरलं जातं. किनवटचे १९.६३ आणि ७८.२० उलटे झाले तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्डमध्ये जातो. ते निदान लगेच दिसतं. दुसरी चूक दिसत नाही: यंत्र अंश-मिनिट-सेकंद दाखवतं आणि माणूस मध्ये टिंब देऊन लिहितो. १९ अंश ३७ मिनिटं ४८ सेकंद म्हणजे १९.६३, वहीत लिहिलं जातं १९.३७४८. बिंदू २८ किलोमीटर दक्षिणेला जातो, पण पडतो जमिनीवरच, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. ओळखायची खूण: सगळ्या नोंदींत टिंबानंतरचे पहिले दोन आकडे ६० च्या आतच असतील आणि पुढचे दोनही ६० च्या आत, तर ते मिनिट-सेकंद आहेत असं समजा.

आता गायब नोंदींचं. त्या फोनवर नोंदी दिसतात ना? मग त्या सुरक्षित आहेत, घाबरू नका. फक्त त्या फोनवर आता काही भरू नका, ॲप काढून पुन्हा टाकू नका, आणि संगणकावरची फाइल उलटी फोनवर चढवू नका. शेवटचं केलंत तर मात्र दीड दिवस खरंच गेला.

जिओपॅकेज ही आतून एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल. ती उघडी असताना शेजारी त्याच नावाच्या आणखी दोन फाइली तयार होतात, एकीच्या शेवटी 'वॉल' आणि दुसरीच्या शेवटी 'एसएचएम'. ताज्या नोंदी आधी त्या वॉल फाइलमध्ये जातात आणि नंतर सवडीने मुख्य फाइलमध्ये मिसळतात. क्यूफील्ड मागे चालू असतानाच यूएसबी लावून फक्त मोठी फाइल ओढली असणार. छोट्या दोन बिनकामाच्या वाटतात, म्हणून लोक सोडून देतात.

क्यूफील्डमध्ये तो प्रोजेक्ट बंद करून ॲप पूर्ण बंद करा. मग संगणकावर नवा रिकामा फोल्डर करून प्रोजेक्टचा अख्खा फोल्डर त्यात घ्या, वॉल-एसएचएम असतील तर त्यांच्यासकट. नव्या वॉल फाइलला आधी आणलेल्या जुन्या जिओपॅकेजशेजारी ठेवायचं नाही. त्या दोघांची जोडी जमत नाही आणि फाइल खराब होऊ शकते. तिन्ही एकत्र आल्या की क्यूजीआयएसमध्ये उघडा, नोंदी मोजा, बंद करा. बंद करताना वॉल मिसळून नाहीशी होते.

फोन अँड्रॉइड ११ किंवा पुढचा असेल तर फोनच्या फाइल मॅनेजरला 'अँड्रॉइड/डेटा'मधला क्यूफील्डचा फोल्डर दिसणार नाही. संगणकाला जोडून बघा, नाही तर क्यूफील्डमधूनच प्रोजेक्ट फोल्डरच्या मेनूतून बाहेर पाठवा.

फोटोंचंही मूळ तेच. अटॅचमेंटच्या रकान्यात फोटो नसतो, त्याचा पत्ता असतो, 'डीसीआयएम' फोल्डर आणि पुढे फाइलचं नाव. तो फोल्डर जिओपॅकेजच्या शेजारी आला नाही की चौकट रिकामी. पत्ता 'प्रोजेक्टच्या सापेक्ष' ठेवा, पूर्ण पत्ता ठेवलात तर संगणक बदलला की सगळं तुटतं. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर मागवू नका. त्यात फोटोतलं अक्षांश-रेखांश पुसलं जातं, शिवाय फाइलचं नाव बदलतं, मग कुठला फोटो कुठल्या बांधाचा हे अंदाजानेच ठरवावं लागतं.

बांधावरून:
ताई, चौथ्या प्रश्नात दोन वेगळे रोग आहेत, आधी वेगळे करा.

क्षेत्र दर वेळी एकाच प्रमाणात जास्त येत असेल, म्हणजे प्रत्येक तळं बारा-तेरा टक्के मोठं, तर तो गणिताचा दोष. लेअर वेब मर्केटरमध्ये आहे, ईपीएसजी:३८५७. गुगल किंवा ओपनस्ट्रीटमॅपची पार्श्वभूमी आधी जोडली की प्रोजेक्ट त्या सीआरएसमध्ये जातो आणि त्यावर काढलेली नवी लेअरही. आपल्या अक्षांशावर त्यात ९०० चौरस मीटरचे हजाराच्या वर होतात. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलर चिन्हाने सुरू होणारं 'एरिया' वापरा, ते प्रोजेक्टमध्ये ठरवलेल्या गोलाभावर मोजतं. कंसात जॉमेट्री देऊन लिहिलेलं 'एरिया' लेअरच्या सपाट आकड्यांवर मोजतं. ४३२६ मध्ये ते चौरस अंशात येतं आणि शेततळ्याचं क्षेत्र शून्य दिसतं. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजच्या 'जनरल'मध्ये गोलाभ डब्ल्यूजीएस ८४ आहे आणि एकक चौरस मीटर आहे, तेवढं बघा.

क्षेत्र कधी ८ कधी १३ असं हेलकावत असेल, जसं तुमचं, तर फोनही खराब नाही आणि सॉफ्टवेअरही नाही. त्या कामाला ती पद्धतच चालत नाही. उघड्या आभाळाखाली साध्या फोनची चूक तीन ते पाच मीटर धरा. ३० मीटरच्या बाजूवर चारही कडा चार मीटर बाहेर गेल्या तर ३८ बाय ३८, म्हणजे साडेचौदा आर. आत गेल्या तर २२ बाय २२, पाच आरसुद्धा नाही. प्रत्यक्षात सगळ्या कडा एकाच दिशेने चुकत नाहीत म्हणून तुमचं ८ ते १३ मध्ये राहतं.

त्यात चक्कर कुठून मारली हेही येतं. ३० बाय ३० बाय ३ हे माप तळ्याच्या वरच्या काठाचं. बाजूचा उतार १:१ धरला तर तळ २४ बाय २४ होतो. बाहेर मातीचा भराव असतो. काठावर घसरायची भीती म्हणून माणूस भरावाच्या बाहेरून चालतो, प्रत्येक बाजूला तीन मीटर धरले तर ३६ बाय ३६, झालं तेरा आर. तुमचा १३ चा आकडा बहुतेक इथून आलाय.

म्हणून शेततळ्याचा बहुभुज फोनने चालून काढूच नका. ३० मीटरच्या टेपने दोन लांब्या, दोन रुंद्या आणि एक कर्ण मोजून फॉर्ममध्ये भरा, खोली वेगळी. बिंदू एकच घ्या, तळ्याच्या ईशान्य कोपऱ्यावर. कोपरा कुठलाही चालेल, पण सगळ्यांनी तोच. आकार नकाशावर हवा असेल तर उपग्रह चित्रावरून ऑफिसात काढा. चालून काढलेला बहुभुज एक हेक्टरच्या पुढे कामाचा वाटतो, त्याच्या खाली माझा विश्वास नाही.

सातबाऱ्याशी ताळा करताना आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा १०१.१७, हे ध्यानात ठेवा. दोन्ही शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरतात. एका तळ्यात फरक दिसत नाही, पण ४० गुंठे ४० आर म्हणून लिहिले की सत्तेचाळीस चौरस मीटर कमी लागतात आणि मग त्यावर वाद.

नकाशाघोळ:
शेपफाइलचं मी घेतो. पहिलं बघा, प्रश्नचिन्हं आहेत की युरोपी टोपीवाली अक्षरं? टोपीवाली असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या लिपीसंकेतात वाचला जातोय. लेअर प्रॉपर्टीजच्या 'सोर्स'मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ करा, नावं दिसतील. प्रश्नचिन्हं असतील तर ती निर्यात करतानाच तशी लिहिली गेली. तिथून नाव परत येत नाही, मूळ जिओपॅकेजवरून पुन्हा निर्यात करा आणि खिडकीत एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. सोबत तयार होणारी 'सीपीजी' फाइल पाठवायला विसरू नका. एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे अशा चारच फाइली झिपमध्ये टाकून लोक मोकळे होतात. सीपीजी नसली की समोरच्याला पुन्हा कचराच दिसतो.

स्तंभाच्या नावाला शेपफाइलमध्ये दहा बाइट मिळतात. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळी धरून. म्हणजे 'शेतकऱ्याचे_नाव' मधलं 'शेत' एवढंच उरतं. 'शेततळ्याची_लांबी' चंही 'शेत'. म्हणून स्तंभाचं नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि फॉर्ममध्ये दिसायला मराठी उपनाव द्या. मजकुराच्या रकान्याची मर्यादा २५४ बाइट, मराठीत ८४ चिन्हं. 'शेरा' या रकान्यात ती हमखास संपते आणि वाक्य अर्ध्यात तुटतं.

तालुक्याकडून आलेली गावांची किंवा लाभार्थ्यांची जुनी यादी कृतीदेव किंवा श्रीलिपीत असेल तर एन्कोडिंग कितीही बदला, उपयोग नाही. ती युनिकोड नाहीच. आधी परिवर्तकातून युनिकोड करा आणि जोडाक्षरं डोळ्याने तपासा.

दोन तक्त्यांचा जोड गावाच्या नावावर लावू नका. 'बोधडी बु.', 'बोधडी बुद्रुक' आणि 'बोधडी बु' संगणकाला तीन गावं वाटतात. 'ऱ्य' तर त्याहून वाईट, तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्याला एकच दिसतो, जोड मात्र लागत नाही. २०११ च्या जनगणनेचा सहा आकडी गावकोड वापरा.

आणि एक्सेल! गट नंबर १२/१ लिहिला की एक्सेल त्याची १२ जानेवारी करतं. महिना म्हणून बसणारे तेवढेच बिघडतात, बाकीचे तसेच राहतात, त्यामुळे यादी वरवर ठीक दिसते. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग भरा. नंतर टेक्स्ट केलं तर १२/१ परत येत नाही, तारखेचा पाच आकडी क्रमांक येतो.

पैनगंगाकाठ:
ईस्टिंगची चाळणी लावली. ५ लाखांच्या खालचे सगळेच्या सगळे समुद्रवालेच निघाले, एकही उलटा नाही. वॉल फाइलही फोनवर होती, नोंदी मिळाल्या. मनापासून आभार.

आता तिन्ही फोनच्या फाइली एकत्र करून जिओपॅकेजमध्ये सेव्ह करताना 'युनिक कन्स्ट्रेंट फेल्ड, एफआयडी' असं काहीतरी येऊन थांबतं. आणि सागाच्या जंगलात गेलं की फोनवर अचूकता १५-२० मीटर दाखवतो. त्याला काही इलाज?

काळी_माती:
तिन्ही फोनांत नोंदी १ पासून सुरू झाल्यात, म्हणून एफआयडी, म्हणजे नोंदींचे क्रमांक, धडकतात. एकत्र केलेली लेअर एक्स्पोर्ट करताना स्तंभांच्या यादीत एफआयडीवरची खूण काढा, नवे क्रमांक आपोआप लागतील. पण एफआयडीवरून नोंदींना दुसरा तक्ता जोडलेला असेल तर तो तुटेल, तेव्हा आधी तपासा. पुढच्या फेरीआधी फॉर्ममध्ये यूयूआयडीचा (प्रत्येक नोंदीच्या वेगळ्या ओळख-क्रमांकाचा) रकाना घाला, डीफॉल्ट मूल्यात त्याच नावाचं फंक्शन. तपासनिसाचा कोडही घाला, आणि फोटोच्या नावाच्या सूत्रात तो कोड सुरुवातीला येऊ द्या.

रेखांश_७८:
जंगलाचं. सागाला पानं असताना आणि नसताना फार फरक पडतो. साग उन्हाळ्याच्या तोंडाला उघडा होतो. दाट झाडीतल्या नाला बांधांचे बिंदू मार्च-एप्रिलमध्ये घ्या, ऑगस्टचा हट्ट धरू नका. ओली पानं सिग्नल आणखी खातात.

नेटवर्क नसलेल्या पाड्यावर फोन थंडा सुरू केला तर उपग्रहांची माहिती त्याला आकाशातूनच घ्यावी लागते, वेळ लागतो. किनवटला डेटा चालू असतानाच उघड्यावर क्यूफील्ड सुरू करून जागा पक्की होऊ द्या, मग निघा. जागेवर पोचल्यावर फोन छातीशी धरून उभं राहू नका, अंगाचा आडोसा होतो. हात लांब करून वर धरा आणि मिनिटभर थांबा. क्यूफील्डच्या पोझिशनिंग सेटिंगमध्ये सरासरी घ्यायची सोय आहे आणि किमान अचूकतेची अटही घालता येते. अट ८ मीटर ठेवा. ५ ठेवलीत तर जंगलात बिंदूच घेता येणार नाही आणि पोरं कंटाळून अट काढून टाकतील.

मार्ग नोंदवताना मधेच सरळ रेघा येत असतील तर फोनची बॅटरी-बचत ॲपला झोपवतेय. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'निर्बंध नाही' करा.

उंची मात्र फोनवरून घेऊ नका. अँड्रॉइड गोलाभावरची उंची देतो. आपल्याकडे ती समुद्रसपाटीवरच्या उंचीपेक्षा साठ मीटरहून जास्त कमी येते. चरांसाठी लेव्हल लागेल तिथे डम्पी किंवा ट्यूब लेव्हलच.

बांधावरून:
८ मीटरची अट बिंदूला ठीक आहे, पण नाला बांध एकाखाली एक असतील तर दोन बांध एकमेकांवर चढतील. अशा नाल्यात फॉर्ममध्ये 'वरून कितवा बांध' असा रकाना ठेवा, आकडा माणसाने भरायचा. क्रम कळला की बिंदू ऑफिसात उपग्रह चित्रावर सरकवता येतात.

पैनगंगाकाठ:
हा रकाना आजच घालते. कोपरा ईशान्येचाच ठरवलाय, पण दोघांना ईशान्य कुठली ते सूर्य बघून ठरवावं लागतंय. फॉर्ममध्ये कोपऱ्याचं चित्र टाकता येईल का?

नकाशाघोळ:
येईल. क्यूजीआयएसच्या फॉर्म डिझाइनरमध्ये 'एचटीएमएल विजेट' असतं, त्यात चित्र बसतं. पण फोनवर कंपास आहेच, क्यूफील्डच्या नकाशावर उत्तर वरच असते. नकाशा फिरवला असेल तर उत्तरेच्या बाणावर एकदा टिचकी मारायची, सरळ होतो.